देवदत्तचा कान

देवदत्त सोनटक्केला पोहता येत नव्हतं, आणि लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही ही गोष्ट त्याच्या बायकोला माहीत नव्हती.

सुरुवातीला खोटं अगदी एवढंसं होतं. मुलगी बघायला तो सांगलीला गेला, तेव्हा सुनेत्राच्या वडिलांनी पगार विचारायच्या आधी विचारलं, "पोहता येतं ना?" ते सगळं घरच कृष्णेत पोहणारं. सुनेत्रा तर विद्यापीठाच्या संघात होती. देवदत्त बार्शीचा. बार्शीत उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत त्याचं बालपण गेलेलं. एका जागी भरपूर पाणी त्याने पाहिलं होतं ते फक्त मामाच्या विहिरीत, आणि तेही कठड्यावरून वाकून. पण समोर बसलेली मुलगी त्याला फार आवडली होती. "हो, विहिरीत शिकलो," तो म्हणाला.

लग्नानंतर दोघं तारकर्लीला गेली. सुनेत्रा धावत पाण्यात शिरली आणि त्याला हाका मारायला लागली. त्याने कान पुढे केला. लहानपणी उजव्या कानाचा पडदा फाटला होता, डॉक्टरांनी पाण्यात जायला सक्त मनाई केली आहे, वगैरे. सुनेत्राने विश्वास ठेवला. तेव्हापासून तो कान घरातल्या एखाद्या नाजूक नातेवाइकासारखा सांभाळला जात होता. दोघं जर्मनीत आली, देवदत्त झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या सीटचं डिझाइन करू लागला, सुनेत्रा एका दंतवैद्याकडे रिसेप्शनला लागली. दर मंगळवारी ती एकटी पोहायला जायची. देवदत्त तिला सोडायचा, आणायचा, तिचा टॉवेल वाळत घालायचा. पाण्यात मात्र कधी उतरला नाही.

आणि यंदा त्यांच्या लेकीने, स्वरूपाने, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांना एक गुटशाइन, म्हणजे भेटीचं कूपन, पाठवलं. आखनला शिकणारी पोर, शिकवण्या करून पैसे साठवलेले. जर्मनीच्या उत्तर टोकाला, फ्लेन्सबुर्गच्या फ्योर्डेत, दोघांसाठी एक दिवस समुद्री कयाक, म्हणजे वल्ह्यांची लांबट अरुंद होडी.

"म्हणजे फ्योर्ड? नॉर्वेला असतात तसे?" सुनेत्राने फोनवर विचारलं.

"गेनाऊ, तसेच, पण बुटके," स्वरूपा म्हणाली आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये सांगत सुटली. बर्फाने कोरलेल्या खोलगट जागेत समुद्र शिरलाय, दोन्ही बाजूंना डोंगरांऐवजी शेतं आहेत, आणि पलीकडचा काठ म्हणजे डेन्मार्क. शेवटी तिने मराठीत विचारलं, "बाबांच्या कानाचं काय?"

"कयाकमध्ये कान कुठे बुडतो?" सुनेत्रा म्हणाली. देवदत्त शेजारी बसून ऐकत होता. त्याला नाही म्हणायला काही जागाच उरली नाही.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोघं निघाली. डिकीत दोन बॅगा, पाण्याचा कॅन आणि डबाभर धपाटे. पहिली रात्र ग्योटिंगेनला काढली. दुसऱ्या दिवशी हांबुर्गचा बोगदा ओलांडला आणि आभाळ एकदम मोठं झालं. श्लेस्विगला ऑटोबान सोडून त्यांनी श्लाय नावाच्या फ्योर्डेच्या काठाकाठाने जाणारा छोटा रस्ता धरला. दोन्हीकडे उंच झुडपांची कुंपणं, त्यांच्यात एखादी फट आली की कापलेलं शेत, त्याच्या टोकाला निळं पाणी, पाण्यावर दोन-चार शिडं. पुन्हा कुंपण. सुनेत्रा दर फटीला "बघ, बघ!" म्हणायची आणि गाडी चालवणारा देवदत्त बघेपर्यंत फट मागे पडायची.

"ही तर आपली खाडीच की गं," तो म्हणाला.

"खाडीच. फक्त माडांच्या जागी गहू."

आर्निसला त्यांनी गाडीसकट तराफ्यावरून श्लाय ओलांडली. तारेला बांधलेला तो तराफा चार-पाच गाड्या घेऊन इकडून तिकडे जायचा. पाच मिनिटांचा प्रवास. सुनेत्रा गाडीतून उतरून कठड्याला टेकली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते, आणि ती लग्नाआधीच्या फोटोतल्यासारखी दिसत होती. देवदत्तला वाटलं, आत्ता सांगावं.

"सुनेत्रा, उद्याचं जरा..."

"मला माहितीये तुला काळजी वाटतेय," ती म्हणाली. "मी कापसाचे बोळे आणलेत. शिवाय डोक्याला पट्टी. तुझ्या कानाला थेंब लागू देणार नाही मी."

तराफा पलीकडे टेकला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दोघं ग्ल्युक्सबुर्गजवळच्या एका छोट्या किनाऱ्यावर पोचली. वाळूवर लांबलचक पिवळ्या कयाक पालथ्या घातल्या होत्या. शिकवणारी बाई साठीची होती. वीबके तिचं नाव. उन्हाने रापलेली, पांढऱ्या केसांची शेंडी बांधलेली, आवाज मात्र मोठा. "मॉइन!" असं एका शब्दात स्वागत करून तिने दोघांना निओप्रीनचे घट्ट सूट दिले. त्या दिवशी दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

दोघांनी सूट अर्धवट चढवले होते, बाह्या कमरेला लोंबकळत होत्या, तेवढ्यात वीबके हातात कागद घेऊन आली.

"इथे एक फुली राहिलीये," ती देवदत्तला म्हणाली. "पोहणारे की न पोहणारे?"

तो फॉर्म त्याने घरी आठवडाभर उघडून मिटला होता. शेवटी तेवढा एक चौकोन रिकामा ठेवून पाठवून दिला होता.

"पोहणारे. दोघंही," सुनेत्रा म्हणाली. "फक्त ह्याचा कान..."

"नाइन," देवदत्त जर्मनमध्ये नाही म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "निष्टश्विमर. मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मराठीत हे वाक्य त्याच्या तोंडून कधीच निघालं नसतं. परक्या भाषेत, परक्या बाईला सांगताना ते कसं कोण जाणे, निघून गेलं.

सुनेत्रा हसली. मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

"म्हणजे? विहीर?"

"वरून बघितली होती."

"आणि कान?"

"कानाला काही झालेलं नाही."

वीबकेला मराठी येत नव्हतं, पण तिला सगळं समजलं असावं. कयाकच्या दोऱ्या तपासायच्या आहेत असं पुटपुटत ती लांब गेली.

सुनेत्रा वाळूत मटकन बसली. "पंचवीस वर्षं मी तुझ्या कानात तेल घालतेय रे. कोमट करून. विमानात तुझ्या कानाला गार वारा नको म्हणून मी भांडलेय. तुझ्या कानासाठी आईने नवस बोलला होता!"

"हो. फेडला पण त्यांनी."

"हसू नकोस!"

"हसत नाहीये. सांगायचं होतं. मग उशीर झाला. मग फारच उशीर झाला."

ती पाण्याकडे बघत राहिली. पलीकडचा डेन्मार्कचा काठ स्वच्छ दिसत होता, झाडं मोजता यावीत इतका. ती पुन्हा बोलली तेव्हा आवाजातला राग गेला होता. त्यामुळे देवदत्तला जास्तच भीती वाटली.

"बोडनझेचं तळं आठवतं? स्वरूपा तीन वर्षांची होती."

त्याला आठवत होतं. लाकडी धक्क्यावरून स्वरूपा बदकांमागे धावली आणि पाण्यात पडली. सुनेत्रा चपला घालूनच उडी मारून आत गेली आणि दोन हातांत तिला बाहेर घेऊन आली. सगळं मिळून अर्धं मिनिट. पोरगी ठसकली, रडली, मग तिने आइस्क्रीम मागितलं. देवदत्त तेवढा वेळ धक्क्यावर उभा होता. तो सुनेत्रापेक्षा जवळ होता.

"तू हलला नाहीस," सुनेत्रा म्हणाली. "मी तुला कधी विचारलं नाही. पण मला वाटायचं, ह्याला त्या क्षणी कानाची पडली होती. पोरीपेक्षा कानाची. अठरा वर्षं मला तसं वाटतंय, देवदत्त. तू चांगला आहेस, सगळं करतोस, तरी ते कुठेतरी आत टोचत राहिलं."

देवदत्तचे डोळे भरून आले. "माझे पाय उचललेच गेले नाहीत गं. मला वाटलं मी उडी मारली तर तुला दोघांना काढावं लागेल. आणि नंतर तू काय समजली असशील ते मला कळत होतं. तरी मी गप्प बसलो. खोटं उघडं पडण्यापेक्षा ते बरं वाटलं मला. ह्याची लाज पोहता न येण्यापेक्षा जास्त आहे."

सुनेत्राने ओंजळभर वाळू उचलली आणि खाली सोडली. मग पुन्हा उचलली.

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "महामूर्ख." पण हे म्हणताना तिने लांब श्वास सोडला, खांद्यावरचं जड पोतं उतरवल्यासारखा. "मी अठरा वर्षं तुला उगाच दोष दिला."

"उगाच कसा? मीच देऊ दिला."

वीबके परत आली. "आल्झो, तर मग," ती म्हणाली, "आज काय करायचं? इथे शंभर मीटरपर्यंत उभं राहता येतं. लाइफ जॅकेट घातलं की न पोहणारेही तरंगतात. पण ज्याला माझ्याबरोबर पलीकडे यायचंय त्याने आधी एकदा उलटायचं. मुद्दाम. नाही जमलं तर आपण काठावर कॉफी पिऊ, पैसे परत."

"मी उलटतो," देवदत्त म्हणाला.

सुनेत्राने त्याच्या सूटच्या बाह्या वर ओढल्या, पाठीवरची चेन लावली आणि जॅकेटचे पट्टे इतके आवळले की त्याला खोकला आला.

कमरेइतक्या पाण्यात त्याला एका कयाकमध्ये बसवलं. कमरेभोवतीचं रबरी कापड होडीच्या तोंडावर ताणून बसवलं. पुढे एक पिवळा फास होता. उलटलं की तो ओढायचा, कापड सुटतं, माणूस आपोआप बाहेर. वीबकेने तीनदा समजावलं. सुनेत्रा शेजारी पाण्यात उभी होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी इथेच आहे," ती म्हणाली.

देवदत्तने डोळे मिटले आणि डावीकडे झुकला.

एकदम हिरवं झालं. थंडी टाळूत शिरली. कानांत, दोन्ही कानांत, घूं असा आवाज. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मग हाताला फास लागला. त्याने तो ओढला आणि दुसऱ्या क्षणी तो उजेडात होता, खोकत, नाकातोंडातून खारं पाणी टाकत, हात हवेत मारत, "सुनेत्रा, सुनेत्रा" ओरडत.

"अरे, उभा राहा!" सुनेत्रा ओरडली. "उभा राहा फक्त!"

त्याने पाय टेकले. पाणी त्याच्या बेंबीपर्यंत होतं.

सुनेत्राने हसू आवरायचा प्रयत्न केला, पण तिच्याने ते होईना. ती हसत हसत पाण्यात बसलीच. वीबकेही हसली, आणि शेवटी देवदत्तलाही हसू आलं. नाकातून पाणी गळत असताना हसणं त्याला पहिल्यांदाच जमत होतं.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. आणि खरंच पुन्हा उलटला.

दहाच्या सुमारास ते निघाले. वीबके एकटीच्या कयाकमध्ये, ही दोघं जोड-कयाकमध्ये, सुनेत्रा पुढे, देवदत्त मागे. पासपोर्ट, फोन आणि धपाटे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. "आमच्याकडे ह्या होडीला घटस्फोटाची होडी म्हणतात," वीबकेने सांगितलं. "पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने तो पाळायचा आणि दिशा सांभाळायची. बहुतेक नवरे ताल पाळत नाहीत."

पहिली दहा मिनिटं वल्ही एकमेकांवर आपटत होती. "डावं!" सुनेत्रा म्हणायची. "कुणाचं डावं?" देवदत्त विचारायचा. "आपल्या दोघांचं डावं एकच आहे, इंजिनिअर!" मग त्याने पाण्याकडे बघायचं सोडून दिलं आणि फक्त तिचे खांदे बघू लागला. डावा वर, उजवा वर. हळूहळू जमलं. होडी सरसर जायला लागली. काठ मागे सरकला, त्यांची गाडी नखाएवढी झाली. खाली किती पाणी आहे हे त्याने विचारलं नाही. दोन्ही बाजूंना टेकड्यांवर झाडी, मधून पांढरी घरं, आणि मधोमध ही एवढीशी पिवळी होडी. देवदत्तला वाटलं, हे सगळं आपण किती वर्षं काठावरून बघत होतो.

"आता इथे कुठेतरी सीमा आहे," वीबके ओरडली. तेवढ्यात पिशवीतल्या फोनने टुणकन आवाज केला, डेन्मार्कने स्वागत केलं असावं.

आणि मग पाण्यातून फुस्स असा आवाज आला. कोणी जोरात श्वास सोडावा तसा. डावीकडे वीस हातांवर एक काळी गुळगुळीत पाठ वर आली, तिच्यावरचा छोटा त्रिकोणी पंख चमकला आणि सगळं खाली गेलं. "श्वाइन्सव्हाल," वीबके दबक्या आवाजात म्हणाली. "वल्ही थांबवा. त्यांची पिल्लं असतात ह्या दिवसांत." डॉल्फिनचाच बुटका भाऊ. पुन्हा फुस्स. ह्या वेळी दोन, एक मोठा, त्याला चिकटून एक लहानगा, अगदी होडीजवळ.

"पिल्लू! देवदत्त, पिल्लू बघ!" असं म्हणत सुनेत्रा, विद्यापीठाच्या संघातली पट्टीची पोहणारी, दोन्ही हात सोडून कडेला वाकली.

होडी उलटली.

पुन्हा हिरवं. पण ह्या वेळी देवदत्तचा हात आपोआप फासाकडे गेला. ओढला, सुटला, वर आला. पाय टेकायला गेला, तर खाली काहीच नव्हतं. पण तो बुडाला नाही. जॅकेटने त्याला काखेत धरून वर ठेवलं होतं. समोर पालथी होडी होती, तिची दोरी त्याने पकडली. आभाळात एक पांढरा पक्षी गोल फिरत होता. देवदत्त चार श्वास शांतपणे मोजून घेऊ शकला.

होडीच्या पलीकडून किंकाळी आली. "देवदत्त! देवदत्त! वीबके, त्याला येत नाही, त्याला पोहता येत नाही!"

"मी इथे आहे," तो म्हणाला.

सुनेत्रा होडीला वळसा घालून आली. पोहत नव्हती, पाणी फाडत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने त्याची कॉलर धरली, गळा धरला, मग चेहरा धरला.

"तू... तू ठीक आहेस?"

"मी तरंगतोय," देवदत्त म्हणाला, आणि त्याला त्याचं इतकं नवल वाटलं की त्याने पुन्हा सांगितलं. "सुनेत्रा, मी तरंगतोय गं."

ती रडायला लागली आणि मग हसायला. "माझी चूक. मी वाकले. विद्यापीठाचं पदक परत द्यायला हवं मी."

वीबकेने शांतपणे होडी सरळ केली, पाणी पंपाने काढलं आणि दोघांना एकेक करून आत चढवलं. "पंचवीस वर्षं शिकवतेय," ती म्हणाली, "पण न पोहणारा बायकोला धीर देतोय हे आज पहिल्यांदा बघितलं."

डेन्मार्कच्या हद्दीतल्या छोट्या बेटावर ते उतरले. गवतात पाय पसरून, उन्हात वाफाळत तिघांनी धपाटे खाल्ले. शेंगदाण्याच्या चटणीने वीबकेच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने तिसऱ्यांदा मागून घेतली. परतताना वारा समोरून होता. दंड भरून आले, पण वल्ही एकदाही एकमेकांवर आपटली नाहीत.

संध्याकाळी सातला देवदत्तने स्वतः स्वरूपाला फोन लावला. विहीर, कान, बोडनझे, सगळं सांगितलं.

"बाबा, मला ते आठवतच नाही," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, शब्द शोधत. "मला फक्त आठवतं तू मला पूर्ण रस्ता उचलून नेलं होतं. तुझं शर्ट ओलं झालं होतं." मग तिला एकदम काहीतरी सुचलं आणि ती जर्मनमध्ये किंचाळली, "म्हणजे लहानपणी तुझ्या कानामुळे आपण एकदाही वॉटर पार्कला गेलो नाही, ते सगळं खोटं?"

"हो," देवदत्त म्हणाला.

"हे मी कधीच माफ करणार नाही," स्वरूपा म्हणाली आणि खदखदून हसली.

त्यांनी दुसऱ्या दिवशी निघायचं रद्द केलं. देवदत्तने साहेबांना मेल लिहून आणखी तीन दिवस मागितले. कारणाच्या जागी त्याने "शिक्षण" असं लिहिलं, आणि मंजुरी आली. रोज सकाळी, किनाऱ्यावर कुत्री फिरवणाऱ्यांशिवाय कोणी नसताना, दोघं पाण्यात उतरायची. पहिल्या दिवशी सुनेत्राने त्याच्या पाठीखाली हात धरून त्याला आभाळाकडे तोंड करून झोपवलं. दुसऱ्या दिवशी हात काढून घेतला आणि त्याला कळू दिलं नाही. ती फार कडक मास्तरीण निघाली. मान ताठ केली की टपली मारायची.

तिसऱ्या दिवशी ती छातीइतक्या पाण्यात, त्याच्यापासून चार हातांवर उभी राहिली. "ये," ती म्हणाली.

देवदत्तने श्वास घेतला, पाय उचलले आणि हात मारायला लागला. वाकडा, धापा टाकत, निम्मं पाणी पीत. एक हात, दोन, तीन. डोकं वर काढून बघितलं तर ती अजून चार हातांवरच होती.

"मागे सरकतेयस तू!" तो पाण्यातूनच ओरडला.

"नाही रे," सुनेत्रा म्हणाली आणि आणखी एक पाऊल मागे गेली. "ये, येतोयस. ये."